उलट्या बाजूची खूण

बुकोवेत्सच्या फेरीत हरवणं म्हणजे स्वतःच्या स्वयंपाकघरात वाट चुकण्यासारखं आहे. चर्चच्या मागून पायवाट निघते, बीच वृक्षांच्या रानातून झऱ्यापाशी जाते, तिथून माथ्यावरच्या लाकडी उपाहारगृहात, आणि मग दुसऱ्या अंगानं सावकाश उतरत पुन्हा चर्चपाशी येते. ना कडा, ना दरी, ना साखळी धरून चढायची भानगड. आमच्या यासेनित्सातल्या बाया बाबागाडी ढकलत वर जातात. राजधानीतून, ब्रातिस्लाव्हाहून येणारी मंडळी दोन-दोन काठ्या टेकत चढू लागली की गाव पडद्याआडून हसतं.

म्हणूनच सप्टेंबरातल्या एका शनिवारी झेल्मीरा तिथे हरवली तेव्हा गावाला तिची कीव आली, पण नवल वाटलं नाही. बाई बहात्तर वर्षांची. नवरा जाऊन दोन हिवाळे झालेले. चाळीस वर्षं पायाखालची असलेली वाट सोडून ती भलत्याच बाजूला, लाकडं ओढायच्या रस्त्यानं खाली उतरत गेली आणि एका घळीत पडली. पलीकडच्या खोऱ्यातला एक माणूस अळंबी शोधत आला होता म्हणून दिवेलागणीच्या आत सापडली तरी. मनगट मोडलं होतं, एक बूट गायब होता, आणि ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती, "तिथे खूण नव्हती हो, खूणच नव्हती."

"डोकं गेलं बिचारीचं," गुत्त्यात कुणीतरी म्हणालं. बाकीचे माना डोलावून आपापल्या बियरकडे वळले.

वेंदेलीननं मान डोलावली नाही. त्यानं एवढंच विचारलं, "नेमकी कुठून चुकली ती?"

"त्या फाट्यावर. माथ्याच्या अलीकडे तो म्हातारा बीच होता ना, तिथून."

होता. वेंदेलीनच्या हातातला ग्लास टेबलावर जरा जोरातच टेकला गेला. तो म्हातारा बीच आता नव्हता. हिवाळ्यात रानखात्यानं तो पाडला होता. आणि मे महिन्यात त्याच्याच बुंध्यावर बसून वेंदेलीननं चरबी लावलेला पाव कांद्याबरोबर खाल्ला होता. हे कुठल्या झाडाचं खोड, असा विचारसुद्धा त्याच्या मनाला शिवला नव्हता.

आता हे कळायला खुणांचं प्रकरण सांगायला हवं. आमच्याकडे डोंगरवाटांवर झाडाझाडावर तीन पट्टे असतात, पांढरा, पिवळा, पांढरा. ते आकाशातून पडत नाहीत. डोंगरमंडळाची माणसं फुकट, हौसेनं, दर काही वर्षांनी साल खरवडून ते नव्यानं रंगवतात. बुकोवेत्सची फेरी वेंदेलीन आणि झेल्मीराचा नवरा इम्रिख या दोघांकडे होती. वेंदेलीन पुढे बघत चालायचा आणि चढणाऱ्यांसाठी खुणा काढायचा. इम्रिख त्याच्या मागून, दर झाडापाशी उलटा वळून, समोरून येणाऱ्यांसाठी खुणा काढायचा. फेरी सगळं जग एकाच दिशेनं करतं, कारण तसं गेलं तरच माथ्यावर घेवड्याचं सूप शिल्लक असताना पोचता येतं. तरीही इम्रिख प्रत्येक झाडापाशी वळायचा.

"उलटं कोण येणार आहे मरायला?" वेंदेलीन वैतागून म्हणायचा.

"जाणाऱ्याला वाट दाखवतोस, मग येणाऱ्यानं काय घोडं मारलंय तुझं?" इम्रिख शांतपणे म्हणायचा आणि ब्रश बुडवायचा.

इम्रिख गेल्यावर यंदाच्या मेमध्ये वेंदेलीन एकटाच रंग घेऊन वर गेला. त्या दिवशी संध्याकाळी चार वाजता बर्फावरच्या हॉकीची मॅच होती, विश्वस्पर्धेतली, आणि गुत्त्यातल्या टीव्हीसमोरची जागा साडेतीनलाच भरते. दोन्ही बाजू रंगवायच्या तर दिवस पुरला नसता. पुढच्या बाजूनं त्यानं सगळं नीट केलं, एकही झाड सोडलं नाही. उलट्या बाजूला इम्रिखच्या जुन्या खुणा होत्याच, जरा विटलेल्या. त्या तशाच राहू द्याव्यात असं त्यानं ठरवलं. 'मेलेल्या मित्राच्या हातावर आपला हात कशाला फिरवायचा,' हे कारण त्याला उतरताना सुचलं. ते इतकं सुंदर होतं की गुत्त्यात पोचेपर्यंत त्याचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला. मॅच आपण हरलो, ती गोष्ट वेगळी.

फेरी उलटी करणारं गावात एकच माणूस होतं, आणि तेही वेंदेलीनला पक्कं ठाऊक होतं. नवरा गेल्यापासून झेल्मीरा दर शनिवारी उलटीच जायची. इम्रिखच्या हातच्या खुणा त्याच बाजूनं दिसत होत्या ना.

लगेच दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, गाव चर्चमध्ये होतं आणि वेंदेलीन बुकोवेत्सवर. त्यानं फाट्यावर जाऊन पाहिलं. पाडलेल्या बीचच्या मागे एक सरळ, तरणा बीच उभा होता, आणि उलट्या बाजूनं येणाऱ्याला त्यावर काहीही दिसत नव्हतं. त्याच आठवड्यात ओढून नेलेल्या ओंडक्यांनी ओळखीची पायवाटही पुसून टाकली होती, आणि समोर लाकडं ओढायचा रुंद रस्ता मात्र ऐसपैस पसरलेला. कुणीही त्याच रस्त्यानं गेलं असतं. तो स्वतःसुद्धा गेला असता.

त्यानं साल खरवडली, पांढरा रंग दिला, पट्टी लावून मधला पिवळा पट्टा ओढला. खूण फक्कड उतरली, अख्ख्या फेरीत सगळ्यात चांगली. मनात म्हणाला, पुढच्याची तरी सोय झाली. पण खाई त्याला खवखवे. पुढच्याची सोय करायला कुणी रविवारची प्रार्थना चुकवून, आडवाटेनं, रंगाचा डबा पोत्यात लपवून जात नाही.

घरी आल्यावर बायको मार्गितानं विचारलं, "नखात पिवळं काय रे?"

"कुंपण रंगवत होतो."

"आपलं कुंपण हिरवं आहे," मार्गिता म्हणाली. पण ओव्हनमध्ये मकोव्निक, खसखस भरलेली गोड पावाची गुंडाळी, करपायला आली होती, म्हणून ती तिकडे धावली. तीच मकोव्निक फडक्यात बांधून वेंदेलीन दुपारी जिल्ह्याच्या इस्पितळात झेल्मीराला भेटायला गेला.

ती पलंगावर बसली होती, हात प्लॅस्टरमध्ये. उशाशी मुलगी रेनाता, ब्रातिस्लाव्हाहून रात्रीच आलेली, डोळे रडून लाल झालेले. वेंदेलीननं खिशातला चाकू काढला आणि मकोव्निकचे काप करू लागला. त्यामुळे त्याला खाली बघता येत होतं.

"वेंदो," झेल्मीरा म्हणाली, "तू माझा शाळेपासूनचा. तू खोटं बोलणार नाहीस. खरं सांग, माझं डोकं फिरलंय का रे?"

काप जाड पडला. त्यानं तो बाजूला सारला आणि दुसरा कापायला घेतला.

"अगं, वय झालं की होतंच असं," तो म्हणाला. "सगळ्यांनाच होतं."

तिनं मान डोलावली. वादसुद्धा घातला नाही. ते बघून वेंदेलीनला वाटलं, निदान एक शिवी तरी हासडायला हवी होती हिनं. त्यानं काप तिच्या पुढ्यात ठेवले आणि बस चुकेल असं सांगून निघाला. बस दीड तासानं होती.

सोमवारी रेनाता स्वतः डोंगरावर गेली. आईची बाजू खरी ठरावी म्हणूनच गेली होती बिचारी. फाट्यावर तिला झाडावर झळझळीत पिवळा पट्टा दिसला, दहा पावलांवरून आंधळ्यालाही दिसेल असा. तिनं मोबाइलवर फोटो काढला आणि इस्पितळात आईला दाखवला. झेल्मीरानं तो बराच वेळ बघितला आणि फोन परत दिला. त्यानंतर खूण नव्हती असं ती कधीच म्हणाली नाही.

मग सगळं पटापट ठरलं. आईनं एकटं राहायचं नाही. ब्रातिस्लाव्हाला रेनाताच्या सातव्या मजल्यावरच्या घरात छोटी खोली रिकामी होती. कोंबड्या शेजारणीला, मांजर पाद्र्याच्या स्वयंपाकिणीला. घर बंद करायचं, वसंतात गिऱ्हाईक बघायचं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला, मृतांच्या दिवशी, इम्रिखच्या थडग्यावर दिवे लावायचे आणि दुसऱ्या दिवशी निघायचं. गाव म्हणालं, मुलगी चांगली निघाली. वेंदेलीन रोज सकाळी ठरवायचा की आज जाऊन सांगायचं, आणि रोज दुपारपर्यंत काहीतरी काम निघायचं. लाकडं फोडायची होती. सफरचंदं उतरवायची होती. त्या शरद ऋतूत वेंदेलीनच्या घरातली कामं जशी हातावेगळी झाली तशी तीस वर्षांत झाली नव्हती, आणि मार्गिताला त्याचंही नवलच वाटत होतं.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात रेनाता दारात आली.

"वेंदोकाका, आईला जायच्या आधी एकदा फेरी करायची आहे. तुम्ही याल का बरोबर? मला एकटीला धीर होत नाही."

"येतो की."

"आणि ती म्हणते, उलटीच करायची. बाबांच्या बाजूनं."

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं त्यानं. पण मागून मार्गिता म्हणाली, "जाईल की! खुणा त्यानंच तर काढल्यात." म्हणजे झालं.

सकाळ स्वच्छ होती. बीचची पानं तांब्यासारखी झाली होती आणि पायाखाली चुरचुरत होती. झेल्मीरा पुढे, डाव्या हातात काठी, उजवा हात अजून पट्टीत. मधे रेनाता. मागे वेंदेलीन, जड पायानं. समोरून कुणी आलं की आमच्याकडे "दिवस चांगला" म्हणायची रीत आहे, आणि फेरी उलटी करणाऱ्याला ती दर शंभर पावलांना पाळावी लागते. झेल्मीरा प्रत्येकाला हसून म्हणत होती. माणूस पुढे गेलं की हळूच रेनाताला सांगायची, "हा वेरोनचा जावई. ही पोस्टातली. बघ, नावं सगळी आठवतात."

"हो गं आई."

"वर्षाचे महिने उलटे म्हणून दाखवू?"

"नको ना, आई."

"डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर," झेल्मीरा चढता चढता म्हणू लागली आणि जानेवारीपर्यंत एकही न चुकता पोचली. "रोज सकाळी म्हणते मी. मग चमचे मोजते. मग गॅस बघते, तीनदा. एकदा मध्येच उठून दुधाचं भांडंही वास घेऊन बघितलं, म्हटलं नाक तरी जाग्यावर आहे का." ती हसली. रेनाता हसली नाही. वेंदेलीनला आपल्याच बुटांकडे बघत चालायची सवय लागली होती एव्हाना.

वाटेत इम्रिखच्या खुणा एकामागून एक येत होत्या. पांढरं राखी पडलेलं, पिवळं लोण्यासारखं फिकट. पण होत्या. झेल्मीरा प्रत्येकीपाशी क्षणभर थांबायची, काठीनं झाडाला हलकेच टेकायची आणि पुढे जायची. "माझा इम्रिख म्हणायचा," मागे न वळता ती बोलली, "वेंदोच्या खुणेमागून आंधळाही घरी येईल. आणि बघ वेंदो, या बाजूच्या तू तशाच ठेवल्यास. माझ्यासाठीच ना? मला कळलं होतं मेमध्येच. कुणाकडे बोलले नाही, पण फार बरं वाटलं होतं रे."

तेव्हाच सांगायचं त्यानं. पुढे फाटा होता आणि त्याच्या आत सांगितलं असतं तर निदान थोडं तरी माणुसकीला धरून झालं असतं. त्यानं घसा खाकरला. "वाट जरा निसरडी आहे, जपून," एवढंच बाहेर पडलं.

माथा मागे पडला आणि फाटा आला. लाकडं ओढायचा रुंद रस्ता उजवीकडे खाली जात होता. पाडलेल्या बीचचं खोड होतं, आणि त्यामागे तरण्या झाडावर ती खूण, झळझळीत, कोरीव. साऱ्या फेरीत एवढीच एक नवीकोरी होती, आणि ती किती वेगळी दिसते हे वेंदेलीनला आज पहिल्यांदा दिसलं. मग त्याची नजर खाली गेली. झाडाच्या बुडाशी एक बीचचं पान पडलं होतं, याच शरदातलं, तांबूस. त्याच्यावर पिवळ्या रंगाचा एक ठिपका वाळला होता. मे महिन्यात ते पान फांदीवर कोवळं हिरवं असेल, नसेल; तेव्हाचा रंग त्यावर असणं शक्यच नव्हतं.

वेंदेलीननं पुढे होऊन त्या पानावर बूट ठेवला.

"ही बघ आई," रेनाता हळुवार आवाजात म्हणाली. आईला दुखवायचं नव्हतं तिला. "ही ती खूण. दिसते ना?"

"दिसते," झेल्मीरा म्हणाली. ती झाडाजवळ गेली आणि पट्टीबाहेर आलेली बोटं तिनं पिवळ्या पट्ट्यावर ठेवली. "मी इथेच उभी होते गं. किती वेळ उभी होते. या झाडाकडे बघितलं मी. साल सुद्धा आठवते, नुसती राखाडी." तिनं बोटं मागे घेतली. "पण आहे. म्हणजे मीच."

"आई, अगं, काही नाही होत."

"नाही, रेनाता. मृतांच्या दिवसापर्यंत कशाला थांबायचं? या शुक्रवारीच जाऊ. इथे एखाद्या रात्री मी गॅस उघडा टाकला तर शेजारची पोरंही जातील." आवाज स्थिर ठेवायचा प्रयत्न करत ती वेंदेलीनकडे वळली. "वेंदो, किल्ली तुझ्याकडे ठेवते हं. आणि इम्रिखचा दिवा तू लाव. दुसऱ्या कुणाला नाही सांगवत मला."

वेंदेलीनला बूट उचलता येईना. तो तसाच, एका पायावर भार टाकून, पकडल्या गेलेल्या चोरासारखा उभा राहिला. रान इतकं शांत होतं की वरून एक पान गळताना ऐकू आलं.

"खूण नव्हती," तो म्हणाला.

दोघींनी त्याच्याकडे पाहिलं.

"नव्हती. तू म्हणत होतीस तसंच. इम्रिखची खूण त्या म्हाताऱ्या बीचवर होती, तो हिवाळ्यात पाडला. मी मेमध्ये आलो तेव्हा वळून बघितलंच नाही. मॅच होती. या बाजूच्या खुणा तुझ्यासाठी नाही ठेवल्या मी. घाई होती म्हणून ठेवल्या." त्यानं बूट बाजूला केला. पान त्याच्या बुटाला चिकटूनच आलं, ते त्यानं हातानं काढलं आणि रेनाताला दिलं. का दिलं ते त्यालाही कळलं नाही. "ही खूण मी नंतर काढली. तू हरवल्यानंतर."

रेनातानं पानाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "काका, अहो, मी आईला त्या खुणेचा फोटो दाखवला. मी!"

पण झेल्मीरा हसत होती. आधी नुसते ओठ, मग सगळं अंग. ती त्या पाडलेल्या खोडावर बसली आणि हसता हसता रडू लागली. "म्हणजे मी बरी आहे," ती म्हणाली. "रेनाता, ऐकलंस? मी बरी आहे. कोंबड्या परत आणायच्या. मांजर आणायचं." तिनं डाव्या हातानं वेंदेलीनची बाही धरली, त्याला खाली ओढलं आणि त्याच्या गालाचा मुका घेतला. "वेड्या, आधी नाही का सांगायचं! खूण कुणाचीही राहते. इम्रिखचीसुद्धा राहिली होती एकदा, झऱ्यापाशी."

वेंदेलीनचे डोळे भरून आले. इतकं सोपं होतं हे? इतके दिवस लाकडं फोडली ती उगीचच का? त्याला वाटलं आता आपण तिघं परत माथ्यावर जाऊ, सूप घेऊ, आणि एक-एक पेला आलुबुखाराची दारू, स्लिवोवित्साही.

झेल्मीरानं डोळे पुसले. रुमालाची घडी घातली. मग सहज, काहीतरी आठवल्यासारखं विचारलं, "कधी काढलीस रे ही? कुठल्या दिवशी?"

त्याला खोटं बोलता आलं असतं. पण आता अंगात तेवढं बळ नव्हतं. "रविवारी," तो म्हणाला. "सकाळी."

"रविवारी सकाळी."

"हो."

"म्हणजे इस्पितळात आलास त्याच्या आधी."

झेल्मीराची नजर त्याच्यावरून हलली नाही, आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं.

"मी तुला विचारलं होतं," ती म्हणाली. "तू मकोव्निक कापत होतास. मी विचारलं, माझं डोकं फिरलंय का. आणि तू म्हणालास, वय झालं की होतंच असं."

"झेल्मा..."

"नखात तेव्हा पिवळं होतं तुझ्या. मला वाटलं, खसखशीत मध घातलाय."

ती उठली. रेनातानं हात पुढे केला, पण तिनं तो घेतला नाही. काठी घेतली, खोडावर टेकवली, आणि उतरणीच्या पायवाटेकडे तोंड केलं.

"खूण राहिली, ती मी कधीच माफ केली," ती म्हणाली. "तिचं मनात काही नाही. पण त्या रविवारचं मला जमेल असं वाटत नाही, वेंदो. प्रयत्न करीन. दिवा मीच लावीन इम्रिखला. तू लावू नकोस."

ती पुढे निघाली, तिच्यामागे रेनाता, पान अजून मुठीत धरून. बरीच माणसं समोरून येत होती, सुट्टीच्या कपड्यांत, पोरांना खांद्यावर घेऊन. झेल्मीरा प्रत्येकाला "दिवस चांगला" म्हणत होती, नेहमीसारखंच हसून. त्यांच्यातला प्रत्येक जण मग मागे येणाऱ्या वेंदेलीनलाही तेच म्हणायचा, आणि रीत मोडता येत नाही म्हणून तोही म्हणायचा. झऱ्यापाशी एक बाई बाबागाडी घेऊन थांबली होती. तिनं विचारलं, "काका, वर जायची वाट हीच ना?"

"हीच," तो म्हणाला. "खुणा बघत जा."

आणि बाई पुढे गेल्यावर तो वळला आणि झऱ्यापाशीच्या झाडाकडे, त्याच्यावरच्या इम्रिखच्या विटलेल्या खुणेकडे बघत उभा राहिला.